गीझरचा लाल दिवा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आधी एक कबुली देतो. या व्यासपीठावर संत वाङ्मय, होळकरांचा इतिहास, नाट्यसंगीत अशा विषयांवर बोलायची रीत आहे. आम्ही आज गीझरवर बोलणार आहोत. कार्यक्रमपत्रिकेत ‘थर्मोस्टॅटचं आउटपुट घरातल्या सेन्सर मॉड्यूलला जोडणे’ असा विषय छापलेला पाहून काही जण चहा घ्यायला बाहेर गेले असतील, तर आमची तक्रार नाही. मात्र जे बसले आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी गीझर आहे, आणि अनेकांचे आईवडील घरात एकटे राहतात. विषय त्यांच्यासाठी आहे.

‘आम्ही’ म्हणजे मंडळातले चौघे. एक सरकारी नोकरीतला, वीस वर्षं विजेच्या कामावर असलेला डिप्लोमावाला. एक बँकेतून निवृत्त झालेले काका. एक विद्युत साहित्याचं दुकान चालवणारा. आणि एक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी, जिला आमच्या तिघांपेक्षा जास्त कळतं. बोलतो आहे एक जण, पण काम चौघांचं आणि चुकाही चौघांच्या, म्हणून ‘आम्ही’च म्हणू.

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. रामबागेत आमच्या एक काकू राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा पुण्याला, मुलगी न्यू जर्सीला, काका जाऊन सहा वर्षं झाली. सकाळी त्यांनी गीझरचं बटण लावलं, पूजेची फुलं काढायला बसल्या, शेजारीण आली, गप्पा झाल्या. दीड-पावणेदोन तासांनी नळ सोडला तर पाण्याऐवजी आधी वाफ आली, मग उकळतं पाणी उसळलं. हात थोडक्यात वाचला. दोन बोटांवर फोड आले, एवढ्यावर निभावलं.

आम्ही गीझर उघडून पाहिला. दोन गोष्टी सापडल्या. पहिली, थर्मोस्टॅटच्या आतले कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटले होते. पाणी कितीही तापलं तरी ते सुटत नव्हते. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. गीझरमध्ये थर्मोस्टॅटशिवाय आणखी एक राखणदार असतो, थर्मल कटआउट. थर्मोस्टॅट चुकलाच तर हा कटआउट पुरवठा तोडतो. त्याला बहुधा एक छोटं बटण असतं, ते हाताने दाबल्याशिवाय तो परत लागत नाही. काकूंच्या गीझरचा कटआउट मधून मधून उडत असे. कुणा मिस्त्रीने त्याच्या दोन टोकांना वायर मारून तो ‘डायरेक्ट’ करून दिला होता. ‘अब नहीं उडेगा, माताजी,’ असं सांगूनही गेला होता. त्याचं म्हणणं खरंच होतं. त्यानंतर तो कधीच उडाला नाही.

कटआउट का उडतो आहे, हे कुणी विचारलं असतं तर थर्मोस्टॅट बिघडल्याचं तेव्हाच कळलं असतं. निरोप आला होता, पण निरोप्याचंच तोंड बांधलं गेलं. आजच्या भाषणातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. कटआउट उडत असेल तर तो बिघडलेला आहे असं समजू नका. तो काहीतरी सांगतो आहे असं समजा.

आता हा थर्मोस्टॅट म्हणजे काय ते थोडक्यात. ‘थर्मोस्टॅट’ हा शब्द अँड्र्यू युअर नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० साली आपल्या पेटंटमध्ये वापरला. तत्त्व साधं आहे. तापल्यावर सगळे धातू सारखे पसरत नाहीत. आपल्या टाकीच्या गीझरमध्ये पुष्कळदा दांड्याचा थर्मोस्टॅट असतो. बाहेर पितळी नळी आणि आत इन्व्हार नावाच्या मिश्रधातूचा दांडा. पितळ तापलं की लांबतं, इन्व्हार जवळजवळ लांबत नाही. त्या फरकाने जी केसभर हालचाल होते, तिच्यावर एक स्विच उघडतो आणि मिटतो. त्याला बुद्धी नाही, वाय-फाय नाही, बॅटरी नाही. हीच त्याची मोठी गुणवत्ता. इंटरनेट गेलं तरी तो आपलं काम करतो. तो दोन प्रकारे बिघडतो. एक तर स्विच लागत नाही, मग पाणी गार राहतं आणि आपण ओरडतो. किंवा स्विच सुटत नाही, मग पाणी छान कडकडीत मिळतं आणि आपण खूश असतो. धोका दुसऱ्या प्रकारात आहे, कारण त्यात तक्रार करावीशी वाटत नाही.

आम्ही काकूंकडे नवा थर्मोस्टॅट आणि नवा कटआउट बसवला. आयएसआय खुणेचा सेफ्टी व्हॉल्व्ह नीट सुटतो का ते पाहिलं, अर्थिंग तपासलं. काम झालं, चहा झाला. निघताना काकूंनी विचारलं, “अरे, पुन्हा असं झालं तर मला कळणार कसं?”

आम्ही सांगितलं, “काकू, गीझरवर लाल दिवा आहे. पाणी तापत असताना तो लागतो, तापलं की विझतो. फार वेळ विझला नाही तर बटण बंद करायचं.”

काकू म्हणाल्या, “मला तो दिवा दिसतच नाही रे. एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि तो दिवा तिकडे वर, छताशी.”

आमच्यापैकी कुणालाच उत्तर सुचलं नाही. सगळं दुरुस्त केलं होतं, पण ज्या बाईसाठी केलं तिला त्या दिव्याचा उपयोगच नव्हता.

त्या आठवड्यात न्यू जर्सीहून जावईबापूंचा फोन आला. त्यांनी आपल्या घरातल्या हीटिंगच्या थर्मोस्टॅटचं आउटपुट एका छोट्या रिलेमार्फत सेन्सर मॉड्यूलला जोडलं होतं. भट्टी केव्हा सुरू झाली, किती वेळ चालली, सगळं त्यांच्या मोबाइलवर दिसत असे. त्यांनी व्हिडिओ करून पाठवला, रिलेचं वर्णनही पाठवलं. आमच्या दुकानदार मित्राने तसाच रिले मिळवला. रविवारी आमची कॉलेजकन्यका काकूंकडे गेली. तिने फोन करून विचारलं, “रिलेची कॉइल थर्मोस्टॅटच्या आउटपुटला जोडू ना?” आम्ही ऑफिसच्या कामात होतो. म्हणालो, “हो, जोड.”

तिने मेन बंद करून जोडलं, डबीचं झाकण स्क्रूने घट्ट केलं, बाथरूमच्या बाहेर येऊन बटण दाबलं. फट् असा आवाज झाला, झाकणाच्या फटीतून धूर आला आणि एमसीबी पडला. रिले जळाला, मॉड्यूलही गेलं.

चूक आमची होती, त्या मुलीची नाही. अमेरिकेतल्या घरांतला भिंतीवरचा थर्मोस्टॅट सामान्यतः २४ व्होल्टवर चालतो. तिकडे भट्टीत एक ट्रान्सफॉर्मर असतो, थर्मोस्टॅट फक्त छोटी आज्ञा देतो आणि मोठं काम भट्टीतली यंत्रणा करते. जावईबापूंचा रिले २४ व्होल्ट कॉइलचा होता आणि त्यांच्या घरासाठी तो अगदी बरोबर होता. आपल्या गीझरचा थर्मोस्टॅट आज्ञा वगैरे देत नाही. पूर्ण २३० व्होल्टचा फेजच त्याच्यातून हीटरला जातो. आमच्या ऑफिसातल्या एसी प्लँटचा कंट्रोल सर्किटही २४ व्होल्टचा आहे, त्यामुळे ‘थर्मोस्टॅटचं आउटपुट’ म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर तेच आलं. डिप्लोमा होता, वीस वर्षांचा अनुभव होता, फक्त एक प्रश्न विचारला नाही, “आउटपुटला व्होल्टेज किती?”

कुणाला इजा झाली नाही याचं श्रेय त्या मुलीला. झाकण लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही आणि बटण बाथरूमच्या बाहेरून दाबायचं, एवढी शिस्त तिने पाळली.

म्हणून जोडणीचा पहिला धडा हा. थर्मोस्टॅटचं आउटपुट तीन प्रकारचं असू शकतं. पहिला प्रकार, २३० व्होल्ट बाहेर देणारं, जसं आपल्या गीझरचं. दुसरा, २४ व्होल्ट देणारं, जसं मोठ्या एसी प्लँटचं. तिसरा, ड्राय कॉन्टॅक्ट, म्हणजे स्वतःचं काहीच व्होल्टेज नसलेला नुसता स्विच. तिघांनाही ‘आउटपुट’च म्हणतात. जोडण्याआधी मल्टिमीटर लावून मोजायचं. व्हिडिओ कुठल्या देशात काढला आहे तेही पाहायचं.

दुसऱ्या बाजूला काय आहे, तेही बघू. हल्ली घरगुती सेन्सरसाठी ईएसपी-३२ जातीची मॉड्यूल वापरतात. काही शे रुपयांत मिळतात, घरच्या वाय-फायवर बोलतात. त्यांच्या पायांना ३.३ व्होल्टची सवय. एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला ३.३. या दोघांची भेट घडवायची, पण स्पर्श होऊ द्यायचा नाही. जुन्या घरांत उपवर मुलगा-मुलगी बोलायची तेव्हा मध्ये आत्याबाई बसलेली असायची, तसं. निरोप पोहोचला पाहिजे, बाकी काही नाही. विजेच्या भाषेत याला आयसोलेशन म्हणतात.

हे तीन प्रकारे साधता येतं. तिन्ही आम्ही करून पाहिले.

पहिला प्रकार सर्वांत निर्धोक. गीझरच्या लाल दिव्यावर बाहेरून एक एलडीआर, म्हणजे उजेडाप्रमाणे रोध बदलणारी टिकली, काळ्या टेपने चिकटवायची. दिवा लागला की टिकलीला कळतं आणि ती मॉड्यूलला सांगते. गीझरच्या एकाही वायरला हात लावायचा नाही. काकूंना जे दिसत नव्हतं ते टिकली बघते, एवढंच. आम्ही हेच आधी बसवलं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत उत्तम चाललं. मग तो जुना निऑन दिवा मंद होऊन लुकलुकायला लागला. हीटर चालू, दिवा मात्र कधी आहे कधी नाही. म्हणजे धोका असताना ‘सगळं ठीक’ असा निरोप येऊ शकत होता. चुकीची घंटा वाजली तर त्रास होतो, चुकीचं अभय मिळालं तर घात होतो. म्हणून तो प्रकार सोडला. दिवा नवा असेल तर आजही तो वाईट नाही.

दुसरा प्रकार ऑप्टोकपलर. म्हणजे तोच दिवा आणि तीच टिकली, एका काळ्या चिपमध्ये समोरासमोर बसवलेली. आत एक एलईडी, समोर प्रकाशाने चालू होणारा ट्रान्झिस्टर, मध्ये वीज जाऊ न देणारं आवरण. स्वस्त आणि लहान. पण दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा ऑप्टोकपलर ‘चालू’ असताना सेकंदाला पन्नास वेळा लुकलुकतो. मॉड्यूलमध्ये त्याची सोय केली नाही तर नोंदी वेड्यासारख्या येतात. शिवाय लांब वायर दुसऱ्या जिवंत वायरीच्या शेजारून गेली तर बंद वायरीतही थोडं भुताटकीचं व्होल्टेज उतरतं. टेस्टर मिणमिणतो तेच हे. नाजूक ऑप्टोकपलर त्यालाही फसू शकतो.

तिसरा प्रकार आमच्या मनाला पटला. २३० व्होल्ट एसी कॉइलचा पॅनेल रिले. होय, या वेळी वरचा आकडा चौघांनी चार वेळा वाचला. थर्मोस्टॅटनंतर जिथे लाल दिवा जोडलेला असतो, म्हणजे हीटरच्या दोन टोकांवर, तिथून लहान फ्यूज घालून रिलेच्या कॉइलला वायर द्यायची. रिले बेससकट वेगळ्या बंद डबीत, बाथरूमच्या बाहेर. हीटरला वीज मिळाली की रिले ओढला जातो आणि त्याचा एक मोकळा कॉन्टॅक्ट मिटतो. त्या कॉन्टॅक्टला स्वतःचं व्होल्टेज नाही. त्याची एक वायर मॉड्यूलच्या इनपुटला, दुसरी मॉड्यूलच्या ग्राउंडला. इनपुटवर पुल-अप रोध. भुताटकीच्या व्होल्टेजमध्ये रिलेची कॉइल ओढण्याइतका जीव नसतो, त्यामुळे तो सहसा फसत नाही. कॉन्टॅक्ट मिटताना दोन-चार वेळा थरथरतो, म्हणून अर्धा सेकंद स्थिर राहिल्याशिवाय नोंद घ्यायची नाही, असं मॉड्यूलला सांगून ठेवलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हा रिले फक्त बघतो. हीटरची वीज त्याच्यातून जात नाही. रिले जळाला, मॉड्यूल मेलं, वाय-फाय गेलं, तरी थर्मोस्टॅट आणि कटआउट आपलं काम पूर्वीसारखंच करतात. आपण बसवलेल्या वस्तूमुळे आधीची सुरक्षितता तसूभरही कमी होता कामा नये, हा आम्ही स्वतःला घालून घेतलेला नियम.

पुष्कळ जण विचारतात, “मग मोबाइलवरून गीझर बंदच का नाही करत?” दोन किलोवॉटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. मॉड्यूलबरोबर मिळणाऱ्या छोट्या निळ्या रिलेवर १० अँपिअर छापलेलं असतं, पण रोज अर्धा-पाऊण तास तेवढा प्रवाह त्या चिमुकल्या कॉन्टॅक्टमधून नेणं म्हणजे चिकटलेल्या थर्मोस्टॅटचीच दुसरी आवृत्ती. तोडायचंच असेल तर योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर लावा, तोही थर्मोस्टॅटच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे. काकूंच्या घरी आम्ही ते केलं नाही.

आता घंटा केव्हा वाजवायची? याचा हिशेब बँकेतल्या काकांनी पाठीमागच्या कागदावर करून दिला. गीझर २५ लिटरचा. एक लिटर पाणी एक अंश तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. पाणी २० अंशांचं, थर्मोस्टॅट ६० वर लावलेला. २५ गुणिले ४० गुणिले ४.२, म्हणजे ४२०० किलोज्यूल. दोन किलोवॉटचा हीटर सेकंदाला दोन किलोज्यूल देतो. म्हणजे २१०० सेकंद, बरोबर ३५ मिनिटं. थर्मोस्टॅट चिकटला तर ६० पासून १०० पर्यंत आणखी ३५ मिनिटं. एकूण ७० मिनिटांत उकळी. आपल्याकडे जानेवारीत नळाचं पाणी १५ अंशांचं धरलं तर ६० वर यायला ४० मिनिटं लागतात. व्होल्टेज २०० वर घसरलं तर हीटरची ताकद पाऊणपट होते आणि वेळ त्या प्रमाणात वाढतो. हे सगळं बघून आम्ही आकडा ठरवला ५० मिनिटं. सलग ५० मिनिटं आउटपुट चालू राहिलं तर निरोप गेला पाहिजे. त्याआधी गेला तर रोज खोटी घंटा, आणि ७० नंतर गेला तर उशीर झालेला. घरातल्या गीझरचे लिटर आणि वॉट पाटीवर लिहिलेले असतात. आपापला हिशेब प्रत्येकाने करावा, आमचा आकडा उचलू नये.

ही घंटा नेमका बिघाड सांगत नाही, हेही लक्षात ठेवा. हीटरची कॉइल तुटली तरी दिवा लालच राहतो आणि पाणी गार. अंघोळ लांबली तरी आउटपुट चालू राहतं. घंटेचा अर्थ एवढाच की कुणीतरी जाऊन बघा.

आणखी एक शंका आमच्या मुलीने काढली. “रिलेचीच कॉइल तुटली तर? मग आउटपुट कधीच ‘चालू’ दिसणार नाही आणि आपण निवांत राहू.” खरं होतं. मॉड्यूल दर दहा मिनिटांनी ‘मी आहे’ असा निरोप देतं, त्यामुळे मॉड्यूल किंवा वाय-फाय गेलं तर कळतं. रिले गेला तर कळत नव्हतं. म्हणून दुसरा नियम घातला. काकू रोज साडेसहा-सातला गीझर लावतात. सकाळी साडेआठपर्यंत एकदाही आउटपुट चालू दिसलं नाही, तर तोही निरोप. हेतू फक्त यंत्र तपासण्याचा होता. यंत्रापलीकडे आमचा विचार गेला नव्हता.

काकूंचा गेला. नियम समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे मी अंघोळीला कधी गेले हे कोणाकोणाला कळणार?”

आम्ही चाचरलो. आमच्या चौघांना, पुण्याला, न्यू जर्सीला, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. काकू म्हणाल्या, “अमेरिकेत कळून काय उपयोग? ती तिथे रात्रभर काळजी करत बसेल. पुण्याहून तो काय उडून येणार आहे? शेजारच्या वहिनींना कळू दे, आणि तुमच्यापैकी एकाला. बाकी कुणाला नको. आणि वेळा-बिळा साठवून ठेवायच्या नाहीत.”

तसंच केलं. फक्त दोन फोनवर निरोप, आणि नोंदी रोज रात्री पुसल्या जातात. आज बाजारात घरावर लक्ष ठेवणारी कितीतरी साधनं मिळतात. मुलं लांबून मागवतात, आईवडिलांच्या घरी बसवतात. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांना एकदा विचारायला हवं, हे आम्हाला काकूंनी शिकवलं. घर त्यांचं आहे.

जानेवारीत एका सकाळी ८ वाजून ३० मिनिटांनी निरोप आला. गीझर लागलेला नाही. आम्हाला वाटलं, रिले गेला. नेहमीप्रमाणे आधी यंत्रावरच संशय. संध्याकाळी जाऊन बघू, असं ठरवून आम्ही ऑफिसला निघालोही होतो. शेजारच्या वहिनींनी मात्र तसा विचार केला नाही. त्यांनी फोन केला, काकूंनी उचलला नाही. त्यांच्याकडे किल्ली होती, त्या गेल्या. काकू पलंगावर, अंगात सणसणून ताप, धड बोलता येत नव्हतं. वहिनींनी रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया निघाला. नऊ दिवस ठेवलं. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

रिले ठणठणीत होता.

काकू बऱ्या होऊन घरी आल्यावर आम्ही चौघे भेटायला गेलो. खरं सांगायचं तर थोडी शाबासकी मिळेल अशी अपेक्षा होती. काकूंनी आमच्या हातात तिळाच्या वड्या ठेवल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या डबीचे उपकार आहेतच. पण मला आधी तीन दिवस खोकला होता. वहिनी दोनदा काढा देऊन गेल्या. तुम्ही चौघे याच गावात राहता ना रे? डबीने सांगितलं नसतं तर कधी आला असतात?”

यावर आम्हाला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही.

मंडळी, आमच्या आजोबा-पणजोबांनी या शहरात येऊन घरं बांधली, मंडळं काढली, गणपती बसवले. तेव्हा एकाच वाड्यात दहा बिऱ्हाडं असायची. कुणाच्या चुलीतून धूर निघाला नाही तर तासाभरात कुणीतरी दारात उभं राहायचं. तो धूर हेच आउटपुट होतं आणि शेजारी हाच सेन्सर होता. आता वाडे गेले, चुली गेल्या, मुलं लांब गेली. त्याची भरपाई थोडीफार तारांनी करता येईल, पण डबी फक्त सांगते. किल्ली घेऊन जाणारं माणूस लागतंच. आमच्या चौघांच्या सगळ्या खटाटोपात सगळ्यात खात्रीचा भाग कोणता, असं विचाराल तर तो वहिनींचा होता.

म्हणून शेवटी चार कामाच्या गोष्टी सांगतो. एक, घरी जाऊन गीझरचा लाल दिवा किती मिनिटांत विझतो ते घड्याळ लावून बघा. त्याला काहीच खर्च नाही. दोन, कटआउट ‘डायरेक्ट’ केलेला नाही ना, हे जाणत्या माणसाकडून तपासा, आणि बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. तीन, असं मॉड्यूल जोडायची इच्छा असेल तर जरूर जोडा, पण २३० व्होल्टची बाजू परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि आउटपुट आधी मोजा. चार, निरोप कोणाला जाणार हे घरातल्या ज्येष्ठांना विचारून ठरवा, आणि त्यातलं एक माणूस पायी पोहोचेल इतकं जवळचं असू द्या.

मंडळाने यंदा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी केली आहे. ज्यांना गीझर तपासून हवा असेल त्यांनी कार्यालयात नाव द्यावं. आम्ही चौघे दर रविवारी निघतो. रिले लागेल तिथे रिले लावू. नाही लागला तर चहा पिऊन, चौकशी करून परत येऊ. दुसरं काम पहिल्यापेक्षा कमी महत्त्वाचं नाही, हे आम्हाला उशिरा का होईना कळलं आहे.

काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच हे सगळं सांगितलं.

गणपती बाप्पा मोरया!